बढती घ्यावी की तीन जणांच्या नव्या प्रयोगात उतरावं?

आडवाट

नमस्कार मंडळी,

गेले दहा दिवस एकाच प्रश्नाभोवती फिरतोय, म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, पण तपशील न देता सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी अकरा वर्षं एकाच कंपनीत आहे. कारखान्यातल्या मोठ्या पंपांसाठी आम्ही नियंत्रक बनवतो. त्यातलं सॉफ्टवेअर मी लिहितो आणि गेली चार वर्षं पाच जणांच्या गटाचं तांत्रिक काम माझ्याकडे आहे. आता एकाच महिन्यात दोन प्रस्ताव समोर आलेत.

पहिला प्रस्ताव मुख्य उत्पादनाच्या विभागप्रमुखपदाचा. हाताखाली बावीस माणसं, पगारात चांगली वाढ. काम म्हणजे वेळापत्रकं, बजेट, मूल्यमापनं आणि विक्री विभागाशी रोजची ओढाताण. उत्पादन चांगलं चाललंय आणि अजून काही वर्षं चालेल.

दुसऱ्यात आम्ही तिघंच. बेअरिंगची कंपनं मोजून ते कधी निकामी होणार हे आधी सांगणारं उपकरण तयार करायचं. पगार तोच, हुद्दा तोच. नऊ महिन्यांनी वरिष्ठ मंडळी बघणार आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणार.

मन दुसरीकडे ओढ घेतंय ते एका प्रसंगामुळे. मागच्या वर्षी एका ग्राहकाकडे नियंत्रक बदलायला गेलो होतो. तिथले देखभालीचे मिस्त्री निवृत्तीला आलेले. ते चालू पंपाजवळ आले, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. अर्धा मिनिट गेला असेल. मग म्हणाले, "मागचं बेअरिंग गेलंय. रविवारपर्यंत ओढेल, पुढे नाही." रविवारी पंप उघडला तेव्हा आतल्या रिंगवर नखाएवढा टवका उडालेला होता. त्यांना काय ऐकू आलं ते यंत्राला ऐकू यावं, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

भीतीही तितकीच आहे. प्रयोग फसला तर नऊ महिन्यांनी माझी आत्ताची जागाही भरलेली असेल. बढती नाकारली तर पुन्हा विचारतील का? आणि खरं तर माणसं सांभाळणं मला जमेल का, हेही नीट माहीत नाही.

ज्यांनी असे निर्णय घेतलेत किंवा इतरांसाठी घ्यावे लागलेत, त्यांनी कृपया लिहावं.

लंबक

बढती घ्या. कारण सांगतो.

नवनिर्मिती छोट्या गटांतच होते आणि विभागप्रमुख नुसत्या सह्या करतो, हा समज चुकीचा आहे. इंटेल १९८५ मध्ये मेमरी चिपच्या धंद्यातून बाहेर पडली. त्यातला कंपनीच्या दोन प्रमुखांचा, अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांचा, संवाद पुष्कळांना माहीत असेल. आपल्याला काढून टाकून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल, असं ग्रोव्हने विचारलं. मेमरी बंद करेल, असं मूर म्हणाला. मग आपणच का करू नये, असा तो विचार. पण या गोष्टीचा खालचा मजला कमी लोकांना ठाऊक असतो. वरच्यांनी निर्णय घेण्याच्या कितीतरी आधीपासून, कारखान्याची क्षमता कोणत्या चिपला द्यायची हे ठरवणारे मधल्या फळीतले लोक नफ्याचं गणित पाहून ती मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे वळवत होते. वरिष्ठांना निर्णय घेता आला तोवर कंपनी निम्मी वळलेली होती.

ती मधली फळी म्हणजे तुम्हाला देऊ केलेली खुर्ची. बावीस माणसांचा वेळ कशावर खर्च व्हावा हे तुम्ही ठरवणार. मनात असेल तर हेच उपकरण त्या खुर्चीतूनही पुढे नेता येईल. शिवाय पगारवाढीचा विचार करताना संकोच वाटू देऊ नका. घर चालवणं हाही निर्णयाचा भाग आहे.

सातत्य

लंबक यांचं इंटेलचं उदाहरण आवडलं, पण बढतीचा सल्ला इतक्या पटकन पटत नाही.

एखाद्या कामात उत्तम असलेल्या माणसाला बक्षीस म्हणून वेगळ्याच कामावर बसवतात, आणि हे तो जिथे कमी पडतो त्या पायरीपर्यंत चालू राहतं. पीटर तत्त्व म्हणतात ते हेच. बरीच वर्षं लोक याला अनुभवाचे बोल समजत होते. २०१९ मध्ये विक्री विभागांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे आकड्यांत दिसलं. विक्रीत सर्वांत पुढे असणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि असे लोक व्यवस्थापक झाले की त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने खालावत होती.

म्हणजे तुम्हाला जमणार नाही असं मुळीच नाही. गूगलने स्वतःच्या व्यवस्थापकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या व्यवस्थापकाचे आठ गुण निघाले. तांत्रिक कौशल्य त्यांत होतं, पण शेवटच्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर होतं माणसांना शिकवून तयार करणं. तेव्हा स्वतःला हे विचारा: गेल्या चार वर्षांत तुमच्या पाच जणांपैकी कोणी तुमच्यामुळे मोठं झालं का? आणि ते होताना बघून तुम्हाला बरं वाटलं का? की त्या दिवशी आपलं कोड लिहायचं राहिलं म्हणून चुटपुट लागली?

उंबरठा

कोडॅक आठवा आणि नव्या कामात उडी घ्या. स्टीव्ह सॅसनने १९७५ मध्ये कोडॅकमध्येच पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कंपनीने फिल्मच्या प्रेमापोटी तो बाजूला ठेवला. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. चालू उत्पादनाच्या खुर्चीत बसणं सुरक्षित वाटतं, पण ती खुर्चीच एक दिवस जाते.

धातुकाम

उंबरठा, तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धा आहे. कोडॅकचं उदाहरण नेहमी असंच सांगितलं जातं आणि त्यातून चुकीचा धडा निघतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोडॅकने डिजिटलकडे पाठ फिरवली नव्हती. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत रंग ओळखण्यासाठी जी जाळी असते ती कोडॅकच्याच ब्राइस बेयरची; तिचं पेटंट १९७६ चं. २००५ च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या क्रमांकावर होती. अडचण अशी की फिल्मच्या प्रत्येक रोलवर जो नफा सुटायचा तसा कॅमेऱ्यावर सुटत नव्हता, आणि थोड्याच वर्षांत कॅमेरा फोनमध्येच गेला. म्हणजे नवी वस्तू केली, विकली, तरी कंपनी तरली नाही.

आता फुजीफिल्म बघा. धक्का तोच. रंगीत फिल्मची जगभरची मागणी २००० च्या आसपास शिखरावर होती आणि दहाएक वर्षांत ती दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. त्या काळात कंपनीची सूत्रं शिगेताका कोमोरी यांच्याकडे होती. आपल्याकडे नेमकं काय येतं, याची त्यांनी झाडाझडती घेतली. फिल्म बनवणाऱ्यांना पातळ थर अचूक चढवता येतात, जिलेटिन म्हणजे कोलॅजन कळतं, रंग विटू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखता येतं. पहिल्यातून एलसीडी पडद्यांना लागणाऱ्या फिल्मचा धंदा वाढला, बाकीच्या दोहोंतून २००७ मध्ये अस्टालिफ्ट हा त्वचेच्या प्रसाधनांचा ब्रँड आला. सगळं सुखासुखी झालं नाही. हजारो नोकऱ्या गेल्या, कारखान्यांच्या ओळी बंद झाल्या. पण ज्यांच्या हातात कौशल्य होतं त्यांतल्या अनेकांना ते घेऊन दुसऱ्या दालनात जाता आलं.

आडवाट, तुमच्या बाबतीत मी एवढंच बघेन: हे उपकरण तुमच्या कंपनीलाच जमावं असं काही त्यात आहे का? की बाजारात सगळे करताहेत म्हणून आपणही?

कंपन

धातुकाम यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, याच क्षेत्रात सोळा वर्षं काढली आहेत.

बेअरिंगमध्ये टवका उडाला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना एक बारीक ठोका बसतो. ठोक्यांची वारंवारता बेअरिंगच्या मापांवर आणि फिरण्याच्या वेगावर ठरते. वेग स्थिर असेल तर ती शोधणं सोपं. पंपाचा वेग सतत बदलत असेल तर ठोके आलेखावर पसरतात आणि गोंगाटात हरवतात. बाहेरून उपकरण चिकटवणाऱ्यांना वेग वेगळा मोजावा लागतो नाहीतर अंदाजाने काढावा लागतो. तुम्ही नियंत्रकच बनवता. वेग, भार, मोटारीचा करंट, सगळं क्षणाक्षणाला तुमच्याकडे आधीच आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, सादरीकरणात पहिल्या पानावर असायला हवी.

सांभाळायचं ते खोट्या इशाऱ्यांपासून. कॅव्हिटेशन, म्हणजे पंपातल्या द्रवात बुडबुडे होऊन फुटणं, सुरू झालं की पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो आणि कच्चं सॉफ्टवेअर त्यालाच बेअरिंगचा दोष समजतं. मी ज्या कामावर होतो तिथे पहिल्या महिन्यात अकरा इशारे दिले, त्यांतले नऊ खोटे. दहाव्यांदा पंप उघडायला कोणी आलंच नाही. तो इशारा खरा होता, पंप रात्री अडकून बसला. त्यानंतर यंत्र कितीही सुधारलं तरी त्या पाळीतल्या लोकांनी त्याकडे पाहिलं नाही.

तुमच्या मिस्त्रींचं वाक्य परत वाचा. "रविवारपर्यंत ओढेल." त्यांनी आलेख दिला नाही, आरोग्याचा टक्का दिला नाही. देखभालीसाठी पंप पुढे बंद ठेवतील तोवर तो टिकेल की नाही, एवढंच सांगितलं. देखभालवाल्याला तेवढंच हवं असतं. आम्हाला हे कळायला दोन वर्षं लागली.

मृण्मयी_त

आडवाट, मी तुम्हाला एकच गोष्ट विचारायला सांगेन. तुमच्या कंपनीत याआधी जो प्रयोग बंद पडला, त्यातली माणसं आज कुठे आहेत?

मी दोनदा अशा गटात होते आणि दोन्ही वेळा काम बंद झालं.

पहिल्या ठिकाणी आम्ही सहा जण होतो. बंद होणार ही कुणकुण आम्हाला इतरांकडून लागली, वरिष्ठांकडून नाही. एका सकाळी चाचणीच्या खोलीचं कुलूप बदललेलं होतं. आमची यंत्रणा, तारा, हाताने लिहिलेल्या नोंदवह्या, सगळं आत. दुपारी ईमेल आला. त्यात फेरनियोजनाविषयी तीन परिच्छेद होते आणि आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. ज्या संचालकांनी आम्हाला वर्षभरापूर्वी निवडून घेतलं होतं ते जिन्यात समोर आले आणि मान वळवून निघून गेले. वार्षिक मूल्यमापनात मला 'अपेक्षेपेक्षा कमी' मिळालं, कारण उद्दिष्ट उत्पादन बाजारात आणण्याचं होतं आणि उत्पादन तर बंद केलेलं. दोन वर्षांत सहातले पाच जण कंपनी सोडून गेले. पुढे तिथे नव्या कामासाठी नावं मागवली की कोणी हात वर करत नसे. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की आपल्या लोकांत धाडसच नाही. त्या लोकांनी आमचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या ठिकाणी थांबवायचं ठरलं त्या दिवशी विभागाच्या प्रमुख स्वतः आमच्या खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "थांबवायचा निर्णय माझा आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच घेतला. ते आकडे तुम्ही रंगवून सांगितले असते तर आपलं अजून एक वर्ष गेलं असतं." मग त्यांनी फळ्यावर आमची चार नावं लिहिली आणि एकेकाला, पुढे काय करायला आवडेल, असं विचारून नावापुढे लिहीत गेल्या. मला ग्राहकांकडच्या चाचण्या हव्या होत्या, मिळाल्या. शेवटचे दोन आठवडे आम्ही काय चाललं, काय नाही, ते नीट लिहून ठेवलं. तीन वर्षांनी दुसऱ्या गटाने ती टिपणं मागून घेतली आणि त्यातला एक भाग जसाच्या तसा वापरला.

नवं काम सुरू होताना उत्साहाने बोलणारे वरिष्ठ मी पुष्कळ पाहिले. बंद करताना खोलीत येऊन बसणाऱ्या त्या एकट्याच. मी अजून त्यांच्याच हाताखाली आहे.

शाई

मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे.

त्याला जोडून एक उदाहरण. गॅरी स्टार्कवेदर झेरॉक्सच्या एका प्रयोगशाळेत लेझरने कागदावर छापण्याचं काम करत होता. त्याच्या वरिष्ठांना ते पसंत नव्हतं, त्यांनी थांबायला सांगितलं. त्याच कंपनीची नवी संशोधन संस्था देशाच्या दुसऱ्या टोकाला, पालो आल्टोत, उघडली होती. त्याने १९७१ मध्ये तिथे बदली करून घेतली. १९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० हा लेझर प्रिंटर बाजारात आला आणि कंपनीला त्याने प्रचंड उत्पन्न दिलं. कंपनी तीच, कल्पना तीच, माणूस तोच. फक्त वरिष्ठ बदलले. तेव्हा दोन्ही प्रस्तावांत तुम्ही कोणाला उत्तरदायी असाल, तेही लिहा.

आणखी एक. बढती म्हणजे माणसं सांभाळणं हे सगळीकडे तसं नसतं. थ्रीएम या अमेरिकन कंपनीत तांत्रिक माणसांसाठी बढतीची वेगळी शिडी आहे. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मध्ये तो हलका चिकटणारा गोंद शोधला, त्याचा सहकारी आर्ट फ्राय याला त्याचा उपयोग १९७४ मध्ये सुचला आणि चिकटचिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या १९८० मध्ये. बारा वर्षं! तोवर दोघंही आपापलं काम करत टिकून राहू शकले, कारण पगार आणि मान वाढवायला खुर्ची बदलण्याची सक्ती नव्हती. तुमच्याकडे अशी शिडी नसेल तर मागून बघा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

लंबक

शाई, थ्रीएममध्ये पंधरा टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांना देण्याची मुभा होती. आडवाट यांच्याकडे नऊ महिन्यांची घंटा आहे. बारा वर्षांच्या गोष्टी सांगून आपण त्यांना नऊ महिन्यांच्या खोलीत पाठवतोय, याचं भान ठेवावं. मी अजून बढतीच्याच बाजूचा आहे. मात्र मृण्मयी यांचा प्रश्न विचारल्याशिवाय कोणताच निर्णय घेऊ नये, हे शंभर टक्के मान्य.

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितोय, कारण मधल्या काळात विचारपूस करत होतो.

सातत्य, तुमच्या प्रश्नाने दोन रात्री झोप लागली नाही. पाचांपैकी एक मुलगी माझ्यापेक्षा चांगलं काम करू लागली आहे आणि त्याचा मला खरंच आनंद आहे. पण बाकीच्यांसाठी मी वेळ काढला नाही. त्यांच्या चुका मी रात्री बसून दुरुस्त करत होतो, त्यांना दाखवत नव्हतो. बावीस माणसांशी असं वागलो तर त्यांचं नुकसान होईल.

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न मी आमच्या संचालकांना विचारला. चार वर्षांपूर्वी असाच एक गट बंद झाला होता. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेव्हा आम्ही नीट केलं नाही." चौघांपैकी तिघं सोडून गेलेत. चौथ्या बाई आमच्याच इमारतीत, गुणवत्ता विभागात आहेत. मी रोज त्यांच्या टेबलावरून जातो आणि मला हे माहीत नव्हतं. त्यांच्याशी तासभर बोललो. त्यांनी खणातून तेव्हाची वही काढून दिली. शेवटच्या पानावर तीन तपासण्या लिहिलेल्या आहेत, ज्या करायच्या राहून गेल्या. पहिलीच कॅव्हिटेशनची आहे.

मी प्रयोगात जायचं ठरवलंय, पण तीन गोष्टी लिहून घेतल्या. नऊ महिन्यांनंतर त्याच पातळीवर परत येण्याची हमी, तिघांसाठीही. मूल्यमापन उत्पादन निघालं की नाही यावर होणार नाही. आम्ही ठरवलेल्या चार प्रश्नांची उत्तरं, हो किंवा नाही, मिळाली की नाही यावर होईल. आणि बंद करायचं झालं तर संचालक स्वतः येऊन सांगतील. या तिसऱ्या अटीवर ते थोडे चमकले, पण सही केली.

विभागप्रमुखपदासाठी मी दुसऱ्या गटातल्या एका सहकाऱ्याचं नाव सुचवलं. त्यांना ते काम मनापासून आवडतं. लंबक, तुमचं इंटेलचं उदाहरण मी त्यांना सांगितलं. उपकरणासाठी नियंत्रकातला वेगाचा डेटा त्यांच्याच विभागातून मिळणार आहे, आणि तो द्यायला ते तयार आहेत.

पहिला महिना कोड लिहायचं नाही असं तिघांनी ठरवलंय. त्या मिस्त्रींच्या निवृत्तीला सात आठवडे उरलेत. आमच्या ग्राहकांनी परवानगी दिली आहे, आम्ही त्यांच्याबरोबर पाळीवर फिरणार.

कंपन

फार चांगलं ठरवलंत. त्यांच्याबरोबर असताना नोंदवही पहिल्या पाळीपासून ठेवा. पंपाचा क्रमांक, वेळ, वेग, त्यांना काय ऐकू आलं ते त्यांच्याच शब्दांत, आणि त्याच मिनिटाला तुमचं सेन्सरचं मोजमाप. त्यांच्या शब्दांचं भाषांतर करू नका. 'कुरकुरतंय' आणि 'खरखरतंय' हे त्यांच्यासाठी दोन वेगळे दोष असतील. चांगल्या चालणाऱ्या पंपांनाही कान लावायला सांगा, आम्ही ते केलं नव्हतं.

आडवाट

चांगल्या पंपांचं लक्षातच आलं नव्हतं. यादीत सगळ्यात वर लिहिलं.